पंचांग-दुरुस्ती

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाच बढती मिळाली, आणि ती शाळकरी मुलींच्या लघवीमुळे मिळाली. असं सरळ सांगितलं की लोक नाक मुरडतात, म्हणून लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी नुसतं 'पोषणाचं काम' म्हणते. पण लिहायलाच बसले आहे तर लपवून काय उपयोग? ती बढती आठ महिन्यांत गेली आणि तिच्या जाण्याचं मला काडीचंही दुःख नाही. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे, ते पुढे येईलच.

मी शीतल फुलारी, महानगरपालिकेच्या कुटुंब साहाय्य कक्षात समूह संघटिका. पद मोठं वाटतं, पण टेबल जिन्याखाली आहे. शाळा सोडलेल्या मुलांना परत आणणं, हरवलेले दाखले, भांडणारे आईबाप, दहावीनंतर काय करायचं ते न कळणारी पोरं, असं जे कोणत्याच विभागात बसत नाही ते सगळं त्या टेबलावर येतं. आमचं शहर यंत्रमागांचं. दोन हजार चाळीसनंतर नवे माग आले, ते माणसाशिवाय चालतात. जुन्या मागांवर आठवड्यातले तीन-चार दिवसच काम उरलं, आणि घराघरातलं जेवणही त्याच मापानं आटलं. तसं कोणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

मलनिस्सारण विभागातली जास्मिन पिरजादे एके दिवशी माझ्या टेबलापाशी आली. एकोणतीस वर्षांची अभियंता, बोलायला फटकळ. सांडपाण्यावरून रोगाची साथ कुठे पसरते आहे ते ओळखायचं तिचं काम होतं.

"ताई, गटारातून ताप कळतो, तर भूक का नाही कळणार?" ती म्हणाली.

मी हसले. तिनं माझ्याच कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. आपलं यकृत म्हणजे घरातला धान्याचा डबा. जेवलं की त्यात साखर साठते आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात ती थोडी थोडी वापरली जाते. मोठ्या माणसाचा डबा मोठा असतो. पोराचा लहान, शिवाय पोर वाढीला लागलेलं, त्यामुळे तो लवकर रिकामा होतो. आदल्या दिवशी अर्धपोटी आणि सकाळी काहीच नाही, असं झालं की शरीर चरबी जाळायला घेतं. चरबी जळली की कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात.

"तोंड खोटं बोलतं," जास्मिन म्हणाली, "लघवी खोटं बोलत नाही."

यंत्र साधं होतं. स्वच्छतागृहातून बाहेर पडणाऱ्या पाइपात बोटभर लांबीची पट्टी बसवायची. कीटोन आले की तिचा रंग बदलतो, शेजारचा इवलासा दिवा तो रंग वाचतो आणि पाणी वाहून गेलं की पट्टी पुन्हा कोरी होते. पाणी किती मिसळलं हे कळावं म्हणून दुसरी एक पट्टी. ती अशा पदार्थाला ओळखते, जो प्रत्येकाच्या लघवीत जवळपास ठरल्या प्रमाणात असतो. दोन्हींचा हिशेब लावला की सुट्टीत येऊन गेलेल्या शंभर मुलांपैकी किती उपाशी होती, ते कळतं. कोण होती ते कळत नाही.

ते कळू नये हीच माझी अट होती. पूर्वी एका शाळेत बूटवाटपासाठी गरीब मुलांची यादी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली होती. बूट मिळाले, आणि यादीतल्या दोन मुली पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. त्यांच्या घरी मी सात खेपा घातल्या. तेव्हापासून नावांची यादी म्हटली की मी आधी नाही म्हणते.

यंत्राला पोरांनी 'गटारमास्तर' नाव ठेवलं. गावात टवाळी झाली. पालिकेला आता पोरांचं मुतणंही बघवत नाही, असं लोक म्हणाले. पण काम होऊ लागलं. ज्या शाळेचा आकडा दहाच्या वर जाईल तिथे दुसऱ्या दिवसापासून सकाळची न्याहारी, सगळ्या वर्गाला, एक प्रश्न न विचारता. नववी-दहावीलासुद्धा. दुपारची खिचडी आठवीनंतर बंद होते. नववीपासून पोरांना भूक लागत नाही असं वरच्यांचं फार जुनं मत आहे. आम्ही त्यांना उपमा दिला, पोहे दिले, आणि दोन महिन्यांत एकोणीस शाळांचे आकडे खाली आले.

एक शाळा मात्र हटून बसली. अकरा नंबर, मुलींची, तिचा वरचा मजला, नववी आणि दहावी. मंगळवारी शंभरात सहा, बुधवारी सात. सोमवारी एकदम एक्केचाळीस. गुरुवारी अडतीस, शनिवारी पुन्हा तसंच. समोर गरम उपमा ठेवलेला असताना.

उपायुक्त कुरणे साहेबांनी बैठक बोलावली. कुरणे वाईट माणूस नाही. त्यांना आकडा आवडतो आणि तो खाली जाताना आवडतो, एवढंच.

"फुलारी मॅडम, न्याहारी जाते, मुली खात नाहीत. मग एक तर यंत्र चुकतंय, नाहीतर मुली चुकतायत."

मी वारांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी म्हटलं, "साहेब, सोमवार, गुरुवार, शनिवार. उपवास आहेत हो मुलींचे! उपमा कशा खातील?"

सगळी बैठक हसली. महिला व बालकल्याण समितीच्या सभापतीबाई तर गहिवरल्या. आजच्या काळातही आपल्या मुली एवढं पाळतात, असं त्या दोनदा म्हणाल्या. उपवास म्हटला की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही विचारला नाही, मला तर तो सुचलासुद्धा नाही.

मग पुढचं सगळं मीच सुचवलं. जो उपवास स्वतःच्या इच्छेनं केलेला, त्याला भूक कसं म्हणायचं? तेव्हा यंत्राच्या आकड्यातून उपवासाचे वार वजा करावेत, चतुर्थी, एकादशी, नवरात्र वजा करावं, रमजानचा महिना वजा करावा. आम्ही तिला 'पंचांग-दुरुस्ती' म्हणायचो. जास्मिन एकटी अडून बसली.

"ताई, यकृताला पंचांग वाचता येत नाही."

"अगं, पण कारण तर कळलं ना?"

"कारण तुम्हाला कळलंय. मला नुसते कीटोन दिसतायत."

तिनं कुरकुरत का होईना, दुरुस्ती बसवली. एका झटक्यात शहराची भूक तिसऱ्या हिश्शानं कमी झाली. दुसऱ्या चार महानगरपालिकांनी आमची दुरुस्ती मागून नेली, आम्हाला वरून प्रशस्तिपत्र आलं, आणि मला जिन्याखालून उठवून खिडकीजवळ बसवलं. आईला पेढा दिला. तिनं अर्धा खाल्ला आणि उरलेला मला दिला.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजता अकरा नंबरच्या मुख्याध्यापिका तोडकर बाईंचा फोन आला. नववीतली एक मुलगी नळापाशी भोवळ येऊन पडली होती. डॉक्टरला बोलावलं होतं, आणि मी जवळ आहे म्हणून मलाही कळवलं.

मी पोचले तेव्हा मुलीला वर्गाबाहेर सतरंजीवर निजवलं होतं. डोळे उघडे होते, ओठ पांढरे. नाव ईश्वरी हत्तरके, वय चौदा. माझ्या पिशवीत बिस्किटं होती, ती मी पुढे केली. तिनं मान फिरवली.

"तिला उपवास आहे, मॅडम," भोवतालच्या तिघीचौघी एकदम म्हणाल्या.

तोडकर बाईंनी ग्लुकोजची पावडर काढली. त्यावर त्या पोरींमध्ये वाद सुरू झाला. एकीचं म्हणणं, ग्लुकोज म्हणजे साखरच, साखर चालते. दुसरी विज्ञानात हुशार असावी. ग्लुकोज मक्यापासून करतात आणि मका धान्यात येतो, तेव्हा चालणार नाही, असं तिनं ठासून सांगितलं. मुलगी जमिनीवर पडलेली आणि वर ही संसद! शेवटी बाईंनी गुळाचा खडा आणवला. गुळाबद्दल दुमत नव्हतं. ईश्वरीनं तो चघळला, पाणी प्यायली, हळूहळू उठून बसली. डॉक्टर येऊन बघून गेले. उपाशीपणाची भोवळ, बाकी काही नाही, म्हणाले.

मी इतर मुलींना वर्गात पाठवलं आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसले.

"उपवासाला काय खाल्लंस गं सकाळी?"

"चहा."

"आणि काल? काल तर रविवार."

"काल जेवले की," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दुपारी."

"किती उपवास करतेस?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार. मधे चतुर्थी आली तर ती. आईचे हायत, मग मीबी धरले. पप्पा आणि काका मागावर जातात, त्यांना डबा लागतो. आजोबांना तर वेळेवर लागतंच. उपवास असला की आमचं दोघींचं पीठ लागत नाही."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला क्षणभर काय ऐकलं तेच कळलं नाही.

"मग शाळेतला उपमा का खात नाहीस? इथे कोण बघतंय?"

"सगळी गल्लीच हाय की वर्गात. घरी सांगतील, ईश्वरीनं सोमवार मोडला. आईनं देवासमोर धरायला लावलाय." मग तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "मॅडम, माझं नाव नका लिहू. लिहिलं की घरी माणसं येतात चौकशीला. शेजारच्या प्रणितीच्या घरी आली होती. पप्पा म्हणतील, आमच्या घरात खायला नाही असं बाहेर सांगत फिरतीस का? शाळेतनं काढून टाकतील. त्यांनी एकदा ताईला काढलंय."

मी वही पिशवीत घातली.

कार्यालयात परतले तर जास्मिन माझ्या खिडकीपाशी उभीच होती. तिला बातमी कळली होती. दुरुस्तीच्या आधीचे कच्चे आकडे तिनं कुणाला न विचारता जपून ठेवले होते, ते तिनं समोर मांडले.

"हे बघा, ताई. सात नंबरची शाळा, अधिकाऱ्यांच्या वसाहतीजवळची. तिथेपण मुली उपवास करतात. शेवटच्या श्रावणी सोमवारचा आकडा बघा."

आकडा दोन होता. वर्षातला सगळ्यात खालचा.

"उपवासाच्या दिवशी तिथल्या पोरींची पोटं जास्त भरलेली असतात," ती म्हणाली. "साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, पोटात गेलं की साखरच. तो खाल्ला की कीटोन येणारच नाहीत. ज्या दिवशी आपण वजा केलं, त्या दिवशी मुळात वजा करण्यासारखं काही नसायला हवं होतं."

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे मी शंभर वेळा म्हटलं असेल. उपवासाच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याचा कूट करून ठेवणारी बाई मी! माझ्या घरात उपवासाला थालीपीठ, खिचडी, वर ताक. आणि तरी सोमवारी शंभरात एक्केचाळीस मुली उपाशी दिसल्या तेव्हा मी म्हटलं, उपवास असेल.

त्या संध्याकाळी आई ओट्याशी बसून मेथी निवडत होती. ती आता पंच्याहत्तरीची. वडील मागावर होते, मी सातवीत असताना गेले. त्यानंतर तिनं विड्या वळून आम्हा चौघांना वाढवलं. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली.

"आई, आमच्या लहानपणी तुझे किती उपवास असायचे गं?"

"मोजलेत कुणी!" ती म्हणाली. "सोमवार व्हता, मंगळवार व्हता, गुरुवार, शनिवार. संकष्टी. तुम्ही लहान व्हता तवा सोळा सोमवार दोनदा केले."

आम्हा भावंडांना त्याचा कोण अभिमान होता. आमची आई फार देवाची, असं आम्ही शाळेत सांगायचो. तिची ताटली रिकामी असायची हे मला आठवत होतं, पण भक्ती म्हणून आठवत होतं.

"आणि फराळ काय करायचीस?"

आईनं मेथीची काडी बाजूला टाकली. "साबुदाणा काय फुकट मिळतो? शेंगदाणे, तूप. भाकरीपेक्षा महाग पडतो उपवास, शीतल. तुम्ही चौघं, पातेलं एक. उपवास हाय म्हटलं की तुम्ही पोटभर खायचा, आई का खात न्हाई म्हणून कोण रडायचं न्हाई. शेजारीणबी पाया पडायची. देवानं सोय करून दिली व्हती ती."

"तुला देवाचा राग नाही आला?"

"त्याचा कशाला? त्यानं लाज झाकली माझी." ती पुन्हा मेथीकडे वळली. "तुला नोकरी लागली, पहिला पगार आला, तवा सुटले माझे उपवास. एकबी धरला न्हाई त्यानंतर. तुझ्या ध्यानात न्हाई आलं?"

त्यानंतरची सव्वीस वर्षं मी तिच्याबरोबर एकाच घरात राहते आहे. मला वाटलं होतं, गुडघे दुखतात म्हणून ती देवाधर्माचं कमी करते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आई म्हणाली, "रडतीस कशाला, मेथी भिजंल." पण तिनं हात धुतला आणि माझ्या पाठीवरून फिरवला. मला स्वतःची लाज वाटत होती. जी युक्ती माझ्या आईनं मला जेवू घालायला काढली, तीच वापरून मी शहरातल्या पोरींची भूक कागदावरून पुसली होती.

दुसऱ्या दिवशी मी कुरणे साहेबांना पत्र दिलं. पंचांग-दुरुस्ती ही माझी चूक आहे, ती आजपासून काढावी, इतर चार महानगरपालिकांनाही कळवावं. खाली सही.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "तुम्हाला कळतंय ना, दुरुस्ती काढली की सगळ्या शहराचा आकडा उसळेल? प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलंय आपण."

"उतरवू, साहेब."

"आणि ती मुलगी? पडलेली?"

"बरी आहे."

"नाव?"

"नाव देणार नाही."

कुरणे चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि शांतपणे मला समजावलं. नव्या पिढीचं यंत्र आलं आहे. स्वच्छतागृहाचं दार मुलीच्या कार्डानं उघडतं, त्यामुळे कोण उपाशी आहे ते नावानिशी कळतं. मग बरोबर त्याच घरी माणूस पाठवता येतो, शिधा देता येतो. "तुम्हीच सांगा, मॅडम, नाव कळल्याशिवाय मी मदत कुणाला करू? उद्या ती पोरगी जिन्यावरून पडली तर?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पण मला वहीकडे बघणारी ईश्वरी दिसत होती. शिधा घरी पोचला असता आणि ती शाळेतून गेली असती. नववीतून काढलेल्या मुलीला परत आणायला मी किती वेळा जाऊन हात हलवत आले आहे, ते माझं मला ठाऊक.

"मला एक महिना द्या. आणि न्याहारीत काय द्यायचं ते ठरवायची मुभा द्या," मी म्हटलं.

"महिन्यानं अकरा नंबरचा आकडा पाचाच्या आत आला नाही, तर एप्रिलपासून दारांना कार्ड. तिथूनच सुरुवात."

"चालेल."

"आणि तुमच्या चुकीची चौकशी होईल. तोवर जुन्या जागी बसावं लागेल तुम्हाला."

मी त्याच दिवशी फायली उचलून जिन्याखाली गेले. तिथे पंखा बरा चालतो.

बेत सोपा होता. उपवास मोडायचा नाही, फराळ पोचवायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार अकरा नंबरला उपमा बंद. रताळी, शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू. सगळ्यांना, उपवास असो वा नसो. अडचण निघाली ती भांड्यांची. तोडकर बाई म्हणाल्या, "मॅडम, ज्या पातेल्यात कांद्याचा उपमा होतो त्यात रताळी उकडली तर एक पोरगी हात लावणार नाही." म्हणून त्यांनी घरचं पातेलं आणलं आणि नववीच्या वर्गासमोर, सगळ्यांना दिसेल असं, घासून घेतलं.

पहिल्या सोमवारी साडेआठच्या सुट्टीत निम्म्या मुली लांबच राहिल्या. विज्ञानातली हुशार मुलगी लाडू उलटून पालटून बघत होती, पीठ तर नाही ना म्हणून. दुपारी आकडा आला, एकोणतीस. गुरुवारी चोवीस. दुसऱ्या सोमवारी माझी आई आली. मी तिला बोलावलं नव्हतं. ती रिक्षानं आली, पातेल्याशेजारी स्टुलावर बसली आणि रताळी सोलून एकेकीच्या हातात द्यायला लागली. "घे गं, देवाचं हाय," एवढंच म्हणायची. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईनं देवाचं म्हणून दिलेलं नाकारणं आमच्या गावात कोणाला जमत नाही. त्या दिवशी ईश्वरीनं रताळं घेतलं. भिंतीकडे तोंड करून भराभर खाल्लं आणि पुन्हा रांगेत आली.

आकडा अठरा, मग अकरा, मग आठ. रांगेत हळूहळू सगळा मजला येऊ लागला. दहावीतली आयेशा उभी दिसली तेव्हा कुणीतरी तिला चिडवलं, "तुझा कसला गं सोमवार?"

"रताळ्याचा," ती म्हणाली आणि दोन घेतली.

मुदतीचा शेवटचा सोमवार आला. साडेआठला फराळ वाटून झाला. कीटोन उतरायला तासदोन तास लागतात, म्हणून खरा आकडा दहाच्या सुट्टीनंतरचा. मी आणि जास्मिन व्हरांड्यात थांबलो. तिच्या हातातल्या पडद्यावर यंत्र एकेक मोजणी दाखवत होतं. मला तिकडे बघवत नव्हतं. आई पातेल्याशी होती. तळाला बरीच रताळी उरली होती, लाडवांचा एक डबा अजून उघडला नव्हता.

ईश्वरी आली. गालावर थोडी तकाकी आली होती, की मलाच तसं बघायचं होतं, कोण जाणे. तिच्या हातात स्टीलचा रिकामा डबा होता. तो तिनं ओढणीआड धरला होता.

"मॅडम, उरलंय का?"

"उरलंय की. भूक लागली?"

"मला नको. माझं झालं." तिनं डबा थोडा पुढे केला. "आईचाबी सोमवार असतो."

शाळेतलं अन्न शाळेबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. वाटेत नासतं, कुणी आजारी पडलं तर जबाबदारी कुणाची? मी काही बोलायच्या आत आईनं डबा तिच्या हातातून घेतला, चार रताळी घातली, वर लाडू बसवले, झाकण दाबून लावलं. मी तिला अडवलं नाही. मग मीच लाडवांचा दुसरा डबा उघडला.

ईश्वरीच्या मागे उभी असलेली मुलगी हे सगळं बघत होती. ती वळून वर्गात गेली आणि दप्तरातून आपला डबा घेऊन आली. तिच्या मागची गेली. मग विज्ञानातली हुशार मुलगीसुद्धा. भिंतीच्या कडेनं रांग जिन्यापर्यंत गेली. प्रत्येकीच्या हातात झाकण काढलेला रिकामा डबा होता.

"ताई!" जास्मिननं माझा दंड धरला. "तीन! शंभरात तीन. जिंकलो आपण. साहेबांना कळवू?"

मी रांगेतले डबे मोजत होते. सदतीस झाले होते आणि जिन्यावरून अजून मुली येत होत्या.

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून मोजून व्हायचंय."